डग्ग्याच्या, म्हणजे तबल्याच्या डाव्या हाताला रात्री मुंग्या येतात, ऑपरेशन न करता बरं झालंय का कुणाचं?

अंबडचा_तबलजी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत पर्चेसला आहे, म्हणजे दिवसभर माऊस आणि कीबोर्ड, आणि संध्याकाळी तबला. स्वतःचा रियाज असतोच, शिवाय आजूबाजूची पोरं शिकायला येतात, शनिवार-रविवारी कुणाच्या गाण्याला साथ असेल तर ती. यंदा विशारद पूर्णची परीक्षा द्यायची म्हणून रियाज वाढवला होता.

गेले काही महिने डावा हात रात्री बधीर होतो. झोपेतून जाग येते, हात झटकला की पाच मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा पहाटे तेच. दिवसा मोटरसायकलवर द्वारका सर्कलला अडकलो की क्लच धरून धरून मुंग्या सुरू होतात. वाजवताना दुखत नाही, पण अर्ध्या तासानंतर डग्ग्यावर मींड (हात सरकवून काढलेला सूर) काढताना बोटांखाली कातडं नीट जाणवतच नाही, आणि तबलजीला ते जाणवलं नाही तर उरलं काय. ऑर्थोकडे गेलो, त्यांनी नसांची टेस्ट म्हणजे एनसीव्ही करायला लावली, रिपोर्टमध्ये माइल्ड टू मॉडरेट कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबलीय, असं आलंय. गोळ्या दिल्यात, पट्टा दिलाय, म्हणाले बघू, नाहीच थांबलं तर छोटं ऑपरेशन.

घरी आई म्हणते वाजवणं बंद कर. गुरुबंधू म्हणतो ऑपरेशन केलं की हातातला नाजूकपणा जातो, अजिबात करू नको. मला दोन्ही ऐकून झोप लागत नाहीये. वाजवणाऱ्या लोकांपैकी कुणी ऑपरेशनशिवाय यातून बाहेर आलंय का? आलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा प्लीज.

---

बासरी_गंगापूररोड

दादा आधी एक सांगा, मुंग्या कुठल्या बोटांना येतात? कारण मला पण असंच झालं होतं आणि सगळे कार्पल टनेल कार्पल टनेल म्हणत होते, पण माझी करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधीर व्हायची. ती नसच वेगळी, अल्नर, आणि ती मनगटात नाही तर कोपरात दबत होती. कोपर कशावर आपटलं की झणकन कळ जाते ना, तीच नस. बासरीला डावा हात तोंडाजवळ, कोपर पूर्ण दुमडलेलं, वरून मी मोठी खर्जाची बासरी घेतलेली आणि तासन् तास आलाप. आणि रात्री हात दुमडून उशीखाली घालून झोपायची सवय.

माझं ऑपरेशन झालं नाही. रात्री कोपराला जाडा टॉवेल सैलसर गुंडाळून झोपायचो म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडत नाही, ऑफिसात टेबलावर कोपर टेकवून फोनवर बोलणं बंद केलं, मोठी बासरी बरेच महिने बाजूला ठेवून मधल्या आकाराची घेतली, आणि वाजवताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून बसायचं. हळूहळू गेलं. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, आठवड्यात फरक पडेल असं समजू नका. पण माझ्या कोपराचा उपाय तुमच्या मनगटाला चालणार नाही, म्हणून बोटं विचारतोय.

---

अंबडचा_तबलजी

अंगठा, तर्जनी, मधलं बोट. आधी मला पूर्ण हातच वाटायचा, पण काल रात्री जाग आली तेव्हा नीट चाचपून पाहिलं, करंगळी चांगली आहे.

---

हॅन्डथेरपी_नाशिकरोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त काम हाताचंच करते, आणि लहानपणी हार्मोनियम शिकले म्हणून वादक आले की जरा जास्त वेळ देते. थोडं मोठं लिहितेय, वाचा.

तुम्ही सांगितलेली बोटं मीडियन नसेची, म्हणजे रिपोर्टशी जुळतंय. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांचा एक बोगदा असतो, वरून जाड पट्ट्याने झाकलेला, त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि ही एक नस जाते. जागा मुळातच कमी. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना आतला दाब जेमतेम २-३ मिलिमीटर (पाऱ्याचा, बीपीसारखा) असतो, कार्पल टनेलच्या पेशंटमध्ये तो ३० च्या आसपास मोजला गेलाय, आणि मनगट पुढे किंवा मागे पूर्ण वाकवलं की ९० च्या वर जातो. हे आकडे लक्षात ठेवा, कारण ऑपरेशनशिवायचा जवळजवळ सगळा उपचार यावरच उभा आहे, मनगट सरळ ठेवा. रात्री आपण मनगट दुमडून झोपतो, म्हणून जाग येते, आणि झटकलं की बरं वाटतं.

म्हणून पट्टा हा रात्रीचा. दिवसभर बांधून फिरू नका, हात आखडतो. रोज रात्री, किमान सहा आठवडे, एकही रात्र न चुकवता, मगच उपयोग झाला की नाही ते ठरवा. बरेच लोक चार रात्री घालतात आणि गरम होतं म्हणून काढून टाकतात. मेडिकलमधून घेतला असेल तर आत जी धातूची पट्टी असते ती काढून बघा, बहुतेक तयार पट्ट्यांत ती मनगट मागे वळेल अशी वाकवलेली असते. ती मांडीवर दाबून सरळ करा आणि परत घाला. बांधताना करकचून नको, बोटं मोकळी हलली पाहिजेत.

गोळ्यांचं म्हणाल तर साध्या पेनकिलरने या नसेवरचा दाब कमी होत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त बी कॉम्प्लेक्स स्वतःच्या मनाने खाऊ नका, त्यातलं बी-६ जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच नसा बधीर होतात. त्यापेक्षा रक्त तपासून घ्या. शुगर, थायरॉइड आणि बी-१२. डायबेटिस आणि थायरॉइड कमी असणं ही दोन्ही कार्पल टनेलची नेहमीची कारणं आहेत, बी-१२ कमी असलं तर नसांचा त्रास वेगळाच वाढतो आणि शाकाहारी घरांत ते सर्रास कमी निघतं. ते दुरुस्त न करता नुसता पट्टा बांधून फार काही होणार नाही.

मानेचंही बघा. तबलजी मान डावीकडे झुकवून बसतात. मान मागे किंवा एका बाजूला नेली की हातात कळ जात असेल तर नस मानेत दबलीय असं असू शकतं, कधी दोन्हीकडे. तुमच्या रात्री झटकून बरं वाटण्यावरून मनगटच वाटतंय, पण एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या.

आता डग्गा. तळहाताचा मनगटाकडचा भाग तुम्ही कातड्यावर टेकवून दाबता आणि पुढे सरकवता, तो बरोबर त्या बोगद्याच्या तोंडावरचा भाग आहे. म्हणजे वरून दाब, आणि मनगट मागे वळलेलं असेल तर आतूनही. यावर इथे कुणी जुने तबलजी असतील तर त्यांनी सांगावं, मला वाद्याच्या बाजूने तेवढं कळत नाही.

---

दिंडोरी_पखवाज

राम कृष्ण हरी. भाऊ मी तबलजी नाही, आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि धंदा द्राक्षाचा. त्यामुळे माझा हात दोन्हीकडून मारला गेला. ऑक्टोबरच्या छाटणीला मजूर मिळाले नाहीत तर स्वतः कात्री धरून बाग उरकावी लागते, मग मणी विरळायला पुन्हा ती बारीक कात्री, आणि त्याच्याच पाठोपाठ पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा, दिंडीत पखवाज गळ्यात. माझा उजवा हात गेला होता, चहाचा कप सुटायचा हातातून.

आमच्याकडच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं, तिथं मनगटात इंजेक्शन दिलं, स्टेरॉइडचं. त्याला लय घाबरलो होतो मी, लोक काय काय सांगतात, हाड ठिसूळ होतं आणि काय काय. पण मला त्यानं आठवडाभरात रात्रीची झोप परत आली. आणि तपासणीत शुगर निघाली, आधी माहितीच नव्हती. इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाते म्हणून त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तशी गेली पण. ताईंनी रक्त तपासायचं लिहिलंय ते एकदम खरं, आधी ते करा.

कात्री पण बदलली. स्प्रिंग नरम असलेली आणि हातात बसेल अशी घेतली, धार रोज लावतो. बोथट कात्रीनं दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा मनगटावर. तुमचा क्लच कडक असेल तर केबल बदलून घ्या भाऊ, ग्रीस मारा. डावा हात आहे ना तुमचा, मग सिडको ते अंबड रोजचं तेच चाललंय.

---

अंबडचा_तबलजी

पखवाजवाले दादा, क्लचचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केबल खरंच कडक आहे, उद्याच दाखवतो. ताई, पट्टीचं तर कमालच आहे, काढून बघितली, चांगली वाकडी होती. मग इंजेक्शन घ्यावं का थांबावं? आणि वाजवताना पट्टा घालू का?

---

हॅन्डथेरपी_नाशिकरोड

वाजवताना पट्टा नको. मनगट हलत नाही म्हणून तुम्ही ते बळ खांद्यातून आणि बोटांतून काढाल आणि दुसरीकडे दुखणं सुरू होईल.

इंजेक्शनबद्दल, ब्रिटनमध्ये तुमच्यासारख्याच माइल्ड-मॉडरेट पेशंटवर यावरच अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. २३४ लोक, अर्ध्यांना एक स्टेरॉइड इंजेक्शन आणि अर्ध्यांना सहा आठवडे रात्रीचा पट्टा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले जास्त बरे होते, सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे इंजेक्शन लवकर आराम देतं, पण पुढचं काम तुमच्या सवयीच करणार. परीक्षा तोंडावर असेल, झोप पूर्ण उडाली असेल तर जरूर विचार करा, तज्ज्ञाकडूनच घ्या, सोनोग्राफीत बघून देणारे मिळाले तर उत्तम. मात्र इंजेक्शननं मुंग्या थांबल्या म्हणून दुसऱ्या दिवसापासून चार तास रियाज करायचा, असं करणारे वादक मी पाहिलेत, ते परत येतात.

व्यायाम म्हणून मूठ-अर्धी मूठ-सरळ बोटं असे सावकाश हात उघडझाप करायचे आणि नसेला हलकं सरकवणारे प्रकार असतात, ते एकदा समोर बसून शिकून घ्या. व्हिडिओ बघून जोरात ताणू नका, मुंग्या येईपर्यंत तर अजिबात नाही. याचा फायदा काहींना होतो, पट्ट्याइतकी खात्री मी देणार नाही. आणि कुणी मनगटावर जोरात मालिश करायला सांगितलं तर नको म्हणा, दबलेल्या नसेवर आणखी दाबून काय मिळणार.

---

तबला_रविवारकारंजा

हा धागा विद्यार्थ्याने दाखवला म्हणून लिहितोय. अरे, तुझं डग्ग्याचं मी सांगतो, आयुष्य गेलंय यात.

पहिलं म्हणजे मोबाईल बाजूला, खांद्याच्या उंचीला नाही तर जमिनीच्या जवळ ठेव आणि स्वतःचा वाजवतानाचा व्हिडिओ काढ. डाव्या हाताचं कोपर ते बोटं एका रेषेत दिसतायत का बघ. डग्गा अंगाला फार चिकटून आणि खाली असेल तर हात वरून उभा येतो, तळहात मात्र पुडीवर, म्हणजे कातड्यावर आडवा टेकवायचा असतो, मग मनगट मागे मोडतं. डग्गा चार बोटं पुढे सरकव, चुंबळ जाड घे म्हणजे डग्गा थोडा वर येईल, आणि बसताना खाली जाड गादी घेऊन उंच बसत असशील तर ती काढ. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

दुसरं, घुमारा वजनाने निघतो हा समज. पोरं अख्खा खांदा घालून डग्गा दाबतात आणि वाटतं किती भारी मींड. पुडी नीट असेल, शाई (वरचा काळा गोल) चांगली असेल आणि बोट सुटं पडलं तर मनगटाच्या हलक्या सरकण्याने सुंदर गुंजतो. कातडं जुनं झालं, बसलं, की दाबायला जास्त जोर लागतो. तुझ्या डग्ग्याची पुडी कधी बदललीस? हजार-दोन हजार रुपयांसाठी लोक वर्षानुवर्षं मेलेली पुडी दाबत बसतात आणि डॉक्टरला त्याच्या कितीतरी पट देतात.

तिसरं रियाजाचं. आपल्याकडे दुखलं तरी वाजव, त्याशिवाय हात तयार होत नाही, असं शिकवलं गेलं. मलाही तसंच शिकवलं. मी आता तसं शिकवत नाही. बोटांच्या टोकाला गाठी येणं वेगळं आणि हात बधीर होणं वेगळं, बधीर हाताने केलेला रियाज फुकट जातो कारण निकास (बोल काढायची पद्धत) बिघडतो आणि बिघडलेलाच पक्का होतो. पंचवीस मिनिटं वाजव, पाच-सात मिनिटं थांब, त्या वेळात पढंत कर. आख्खा कायदा (बोलांची बांधलेली रचना) पलट्यांसकट तोंडाने म्हण, हाताला ताल दे. रेला, धिरधिर असे जलद बोल, सगळं आत्ता अर्ध्या लयीत. परीक्षेत पढंतही बघतात, ती पक्की होईल. थंडीत तर थेट द्रुत लयीत कधीच जाऊ नकोस, आपल्याकडे निफाडला पारा पाचच्या खाली जातो अशा सकाळी हात कोमट पाण्यात धरून मगच बस.

आणि शिकवताना पोरांना दाखवायला सारखा तूच वाजवतोस का? ते मोजलंस तर स्वतःच्या रियाजापेक्षा जास्त भरेल. तोंडाने सांग, त्यांना वाजवू दे.

---

कीबोर्ड_कॉलेजरोड

छान धागा चाललाय, एक गोष्ट जोडतो कारण ती कुणीच बोलत नाही. मुंग्या नाहीत, दुखत नाही, बधीर नाही, पण एखादं बोट फक्त वाजवतानाच आपोआप आत वळतं किंवा ऐकत नाही, असं कुणाला होत असेल तर ती दबलेली नस नव्हे. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, मेंदूकडून बोटांवरचं नियंत्रण बिघडतं. व्यावसायिक वादकांत शंभरात साधारण एखाद्याला होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं १९६४ च्या सुमारास अशी वळायला लागली, ऐन भरात असताना. कितीतरी वर्षं ते फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत, ऑर्केस्ट्रा चालवत राहिले. १९९० च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शननी त्यांना पुन्हा दोन्ही हातांनी वाजवता आलं.

इथे पट्टा बांधून किंवा मनगटाचं ऑपरेशन करून काही होत नाही, आणि जास्त रियाज केला की वाढतं. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टच. माझ्या ओळखीतल्या एका गिटारवाल्याला सगळ्यांनी आळशी ठरवलं होतं, त्याला हेच होतं. फार वाईट वाटतं आठवलं की.

---

दिंडोरी_पखवाज

हे नवीनच कळलं. आमच्या मंडळात एका टाळकऱ्याचं बोट असंच वळतं, त्याला वाचून दाखवतो.

---

अंबडचा_तबलजी

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ काढला, बुवा म्हणाले तस्संच आहे, मनगट पार मागे मोडलेलं. डग्गा मांडीला चिकटलेला असतो माझा, पुढे सरकवला तर आवाज थोडा बदलला पण हात हलका वाटला. पुडी उद्या टाकतो बदलायला. रक्ताच्या टेस्ट शनिवारी. परीक्षा या सत्रात देऊ की पुढच्या, ते अजून ठरत नाहीये. आणि ताई, शेवटचा प्रश्न, ऑपरेशन लागणारच असं कधी समजायचं? गुरुबंधू म्हणतो तसं खरंच हात जातो का त्यानं?

---

तबला_रविवारकारंजा

पुढच्या सत्रात दे. परीक्षा वर्षातून दोनदा असते.

---

हॅन्डथेरपी_नाशिकरोड

ऑपरेशननं हात जातो हे खरं नाही. त्यात बोगद्यावरचा तो जाड पट्टा मोकळा करतात, नसेला हात लावत नाहीत, आणि कितीतरी वादक त्यानंतर पुन्हा वाजवतात. काही आठवडे ते महिने पकड कमी वाटते, तळहात दाबला की दुखतो, आणि डग्गा नेमका तिथेच टेकतो म्हणून तबलजीला परत बसायला इतरांपेक्षा वेळ लागू शकतो. घाई नको म्हणते ती यासाठी, भीतीपोटी नाही.

हात वाया जातो तो उशीर करून. दोन्ही हात जोडून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्हीकडे सारखा आहे का ते आठवड्याला एकदा बघत जा. डावीकडे तो बसत चाललाय, शर्टचं बटण लावताना अंगठा साथ देत नाही, किंवा बधीरपणा येऊन जाऊन न राहता दिवसरात्र तसाच राहिलाय, यातलं काहीही दिसलं तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका, लगेच हाताच्या सर्जनकडे जा. स्नायू एकदा वाळला की नंतर ऑपरेशन करूनही तो पूर्ण भरून येईलच असं नाही.

तसं काही नसेल तर पट्टा, डग्ग्याची जागा, क्लच आणि ऑफिसातला माऊस, तोही मनगट टेकवून धरू नका, हे सगळं सहा आठवडे नेमाने करा. रात्रीची जाग निम्म्याने कमी झाली असेल तर तसंच आणखी चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर इंजेक्शन, आणि त्यानंतरही दोन-तीन महिन्यांत परत तिथेच आलात तर एनसीव्ही पुन्हा करून सर्जनशी बोला. भेटायला जाल तेव्हा त्यांना तुम्ही तबला वाजवता आणि तळहाताचा कुठला भाग पुडीवर टेकतो ते हात ठेवून दाखवा. त्यावरून ते चीर कुठे द्यायची आणि परत कधी बसायचं ते ठरवू शकतील.